न कापलेली चार मिनिटं

आमच्या माटुंग्यात थंडी पडली हे मला पंख्यावरून कळतं. पाचवर फिरणारा पंखा दोनवर येतो, नवरा पहाटे उठून तोही बंद करतो आणि मी झोपेतच ‘लावा हो तो’ म्हणून पुटपुटते. एवढीच आमची थंडी. पण तेवढ्यासाठीही लोक कपाटातले स्वेटर काढतात, डांबरगोळ्यांचा वास अंगावर घेऊन फिरतात. बाजारात ओल्या हरभऱ्याच्या जुड्या दिसायला लागतात आणि शहरात सिनेमाचे महोत्सव सुरू होतात. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरं-पोरी टपरीवर चहा पीत जगाच्या पार दुसऱ्या टोकाच्या हुकूमशहांबद्दल तावातावाने बोलत असतात. मी खाली मान घालून बाजूने निघून जाते. एके काळी त्या घोळक्यात सगळ्यात मोठा आवाज माझा असायचा.

लोकांना हे दिवस आवडतात. मला या दिवसांत अपराधी वाटतं, आणि हे मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही.

या वर्षी थंडीच्या पहिल्याच आठवड्यात एका मुलीचा फोन आला. आवाज गोड, बोलणं भरधाव. ‘मॅम, तुमचा सिनेमा आम्ही दाखवतोय. प्रिंट मस्त साफ करून मिळालीये. दडपशाहीवरच्या सिनेमांचा वेगळा विभाग आहे, त्यात. तुम्ही आधी दहा मिनिटं बोलाल ना?’ मी हो-नाही करत होते, तेवढ्यात ती म्हणाली, ‘आणि मॅम, ते काका आहेत का अजून? म्हणजे ज्यांची स्टोरी आहे ते? त्यांना स्टेजवर आणता आलं तर काय भारी होईल.’

‘विचारते,’ मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर त्या एका शब्दापाशी मी किती वेळ बसून राहिले कोण जाणे. पंधरा वर्षांपूर्वी हा शब्द सुचला असता तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.

ते काका म्हणजे दौलतमामा. मी वाढले डिलाईल रोडच्या चाळीत. आम्ही मालवणकडचे. आमच्या चाळीसमोर, गल्लीच्या पलीकडे, बौद्ध मंडळींची चाळ होती आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावर, आमच्या गॅलरीच्या बरोबर समोर, दौलतमामा आणि शेवंतामामी राहायचे. माझे बाबा आणि मामा एकाच गिरणीत. बाबा मागावर, मामा सूतखात्यात. एकाला माग आणि दुसऱ्याला सूत असं का, हे तेव्हा मी कधी विचारलं नाही. मागावर तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागायचा म्हणून दलितांना तिथे घेत नसत, हे पुढे पुस्तकांत वाचलं तेव्हा तोंडात मारल्यासारखं झालं. सख्खे शेजारी म्हणवणाऱ्या आम्हाला तरी कुठे विचारायचं सुचलं होतं?

मामा गायचे, असं आम्ही ऐकून होतो. त्यांच्या चाळीची भीमगीतांची गायन पार्टी होती. गाणी मामा स्वतः रचायचे, स्वतः चाल लावायचे, आणि नायगावपासून भायखळ्यापर्यंत त्यांना बोलावणं असायचं. माझे बाबा सांगायचे, दौलत्याने वरची पट्टी लावली की रस्त्यावरचा माणूस थबकायचा. मी मात्र त्यांना गाताना कधीच ऐकलं नाही. मला कळायला लागलं तोवर त्यांचं गाणं थांबलं होतं. गिरणीतला कापूस घशात बसला आणि आवाज गेला, असं सगळे म्हणायचे. मामी रोज सकाळी ज्येष्ठमध उगाळायच्या, आडुळशाचा काढा करायच्या, खिशात खडीसाखर घालून द्यायच्या. त्या काढ्याचा कडवट वास आमच्या गॅलरीत यायचा आणि आई म्हणायची, ‘उठा गो, सात वाजले. शेवंतेचो काढो झालो.’

मामांनी पार्टी सोडली नव्हती बरं का. पार्टीच्या खोलीत सगळ्यांबरोबर बसायचे, ढोलकी धरायचे, नव्या पोरांचा सूर हलला की नुसती भुवई उचलायचे. तेवढ्याने पोरगं जागेवर यायचं.

आता माझं. कॉलेजात असताना मला सिनेमाचं वेड लागलं, तेही साधं नाही. गिरगावात एका जुन्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर फिल्म सोसायटीचे खेळ व्हायचे. मोडक्या खुर्च्या, भिंतीवर पांढरी चादर. तिथे मी माणसाला माणूस काय काय करू शकतो ते पाहिलं. छळछावण्या पाहिल्या, चौकशीच्या खोल्या पाहिल्या. नखं, दिवे, पाण्याच्या बादल्या. एका सिनेमाच्या मध्यात दोन जण उठून गेले, एक बाई बाहेर जाऊन ओकली, आणि मी शेवटपर्यंत बसले म्हणून मला स्वतःचा कोण अभिमान वाटला. खेळ संपला की आम्ही खाली रस्त्यावर मिसळ खायचो आणि भांडायचो. हे दाखवावं का? किती दाखवावं? न दाखवणं म्हणजे जुलूम करणाऱ्याला सामील होणं नाही का? मी नेहमी ‘सगळं दाखवावं’च्या बाजूने. मिसळीवर जास्तीचा कांदा मागत मागत.

तिथेच निरंजन भेटला. गिरगावातला, वकिलाच्या घरातला, बुद्धीने तल्लख आणि मनाने चांगला. हो, चांगलाच. हा लेख त्याच्यावर ढकलायला मी बसलेली नाही. त्याला गिरण्या बंद पडत होत्या त्या काळातल्या एका कामगाराच्या कोठडीवर सिनेमा करायचा होता. मी त्याची सहायक, संशोधन करणारी, संवाद लिहिणारी, आणि खरं म्हणजे त्याचा गिरणगावात शिरायचा दरवाजा. ‘तू तिथलीच आहेस यार, तुझ्याशी बोलतील लोक,’ तो म्हणायचा. मलाही त्याचं काय ते कौतुक.

संपाच्या दिवसांत मामांना एका चौकीत उचलून नेलं होतं, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. तीन दिवस ठेवलं होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा. मी रेकॉर्डर घेऊन त्यांच्याकडे जायला लागले ती अशाच थंडीत. सकाळी दहाचं कोवळं ऊन त्यांच्या गॅलरीत यायचं, मामी खाली चटई टाकायच्या, मला चहा द्यायच्या आणि तांदूळ निवडत आत बसायच्या. मामा बोलायचे. फटके सांगितले, तळव्यांवर मारलेलं सांगितलं, शिव्या सांगितल्या. जातीवरून काय काय बोलले तेही सांगितलं, अगदी सपाट आवाजात, कुणी दुसऱ्याचं सांगावं तसं.

एके दिवशी मामी दळण आणायला गेल्या होत्या. मामा म्हणाले, ‘पोरी, ते मशीन बंद कर.’

मी बंद केलं.

‘फटक्यांचं काय नसतं गं,’ ते म्हणाले. ‘फटके काय, घरीबी खाल्लेले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची जेवणं झाली. एकजण म्हणाला, अरे हा गातो म्हणे. कपडे उतरवले माझे. उभा केला मधी आणि गा म्हणाले. आधी पिक्चरमधली लावणी गायला लावली. गायलो. मग म्हणाले, आता तुमचं ते गा, तुमच्या पार्टीतलं. ते पण गायलो.’

मामांनी गॅलरीतून खाली गल्लीत एक नजर टाकली.

‘माणूस घाबरला की त्याचा आवाज फाटायला पाहिजे ना? माझा नाही फाटला. असा सुरात लागला पोरी, की जन्मात तसा लागला नव्हता. टाळ्या वाजवल्या त्यांनी. वन्स मोअर म्हणाले. आणि मी परत गायलो. मारलं नाही त्या दिवशी कुणी. मारलं असतं तर बरं झालं असतं.’ मग म्हणाले, ‘त्यानंतर तोंड उघडलं की तीच खोली आठवते. हिला ठाऊक नाही. तिला कापूस ठाऊक आहे.’

‘कुणाला बोलू नको’ असं ते म्हणाले नाहीत. पंधरा वर्षं मी या एका गोष्टीला धरून बसले होते. म्हणाले नाहीत ना! अहो, मशीन बंद कर म्हणाले होते की. आणखी काय म्हणायचं असतं माणसाने?

आमच्या धंद्यातली एक रीत सांगते. रेकॉर्डर बंद करून माणूस जे बोलतो तेच खरं कामाचं, असं निरंजनने मला शिकवलं होतं, आणि ते घरी जाऊन लिहायचं नाही. घरी पोहोचेपर्यंत शब्द बदलतात. जिन्यातच लिहायचं. मी त्या दिवशी मामांचा निरोप घेतला, पहिल्या मजल्याच्या वळणावर थांबले, वही भिंतीला टेकवली आणि शब्दन् शब्द उतरवून काढला. मामी दळणाचा डबा घेऊन वर येत होत्या. ‘काय गं, विसरलीस काय?’ म्हणाल्या. ‘नाही मामी, विसरू नये म्हणून लिहितेय,’ मी म्हणाले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘हुशार पोर.’

निरंजनने वही वाचली आणि परत पहिल्यापासून वाचली. मग म्हणाला, ‘हाच आपला सिनेमा.’ तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तो आनंदाचा होता, हे मी आज कबूल करते.

ते दृश्य आम्ही लालबागच्या एका जुन्या गोदामात केलं. दिवस थंडीचेच. काम करणारा नट दादरचा, रंगभूमीवरचा, जीव ओतणारा. उघड्या अंगाने फरशीवर उभा राहून तो थरथरत होता आणि आम्ही सगळे जाड कपड्यांत चहाचे ग्लास हातात धरून बघत होतो. पहिल्या वेळी सूर हलला. दुसऱ्या वेळी दिव्याची सावली आली. निरंजन दर वेळी म्हणायचा, ‘छान. वन मोर.’ सहा वेळा झालं. सातव्या वेळी असं काही जमलं की तो थांबल्यावर अख्ख्या युनिटने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मला तेव्हा काही आठवलं का? नाही. वन मोर आणि वन्स मोअर, त्या टाळ्या आणि आमच्या टाळ्या, काही काही आठवलं नाही. मी त्या रात्री समाधानाने जेवले आणि छान झोपले. लोक म्हणतात की आतून काहीतरी टोचत असतं. खोटं आहे. काम चांगलं झालं की काही टोचत नाही.

सिनेमा तयार झाला आणि प्रमाणपत्र देणाऱ्या समितीपुढे गेला. त्यांनी बाकी सगळ्याला मान्यता दिली, फक्त ती चार मिनिटं काढा म्हणाले. मानहानीकारक आहे, अंगावर येतं, गरजेचं नाही. आमचं रक्त नुसतं उकळलं. निरंजन तर तयार झाला होता एकदा. थकला होता बिचारा. म्हणाला, ‘अर्धं ठेवू, अर्धं कापू, सिनेमा लोकांपर्यंत जाऊ दे.’ मीच त्याला खडसावलं. मी तीन पानी पत्र लिहिलं. ‘हे दृश्य कापणं म्हणजे त्या माणसाचं तोंड दुसऱ्यांदा बंद करणं आहे,’ असं त्यात वाक्य होतं. ते पुढे पेपरांनी चौकटीत छापलं. सही निरंजनची, शब्द माझे.

पुन्हा सुनावणी झाली. बाहेर पडताना समितीतल्या एक वयस्क बाई व्हरांड्यात माझ्याजवळ आल्या. सुती साडी, हातात कापडी पिशवी. भांडायला आल्या असं वाटून मी पदर खोचूनच तयार होते. त्यांनी हळू आवाजात विचारलं, ‘हे कुणाचं तरी खरं आहे, हो ना? ऐकल्याशिवाय सुचणार नाही असं. त्यांना विचारलंयत तुम्ही?’

‘हो,’ मी म्हणाले.

एका क्षणाचाही विचार केला नाही. त्यांनी मान हलवली, ‘मग ठीक आहे’ म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. चार मिनिटं राहिली.

त्यानंतरचे दोन महिने आमची वरात होती म्हणा ना. सिनेमा लागू देणार नाही म्हणून थिएटरबाहेर घोषणा, आमच्या बाजूने अग्रलेख, दादरच्या एका सभागृहात परिसंवाद. मी मंचावरून म्हणाले, ‘क्रौर्य झाकणं हेही क्रौर्यच.’ टाळ्यांचा कडकडाट. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, ‘दौलत्याक दाखवलास?’ मी म्हणाले, ‘बाबा, पहिला खेळ आपल्याच लोकांसाठी ठेवलाय.’ ही आमची पद्धत होती, तिचाही मला अभिमान होता. ज्यांची गोष्ट, त्यांना आधी. म्हणजे सिनेमा पुरता झाल्यावर, छापून-बिपून, आधी.

परळच्या एका हॉलमध्ये तो खेळ झाला. दोन्ही चाळींतली माणसं आली होती. मामा पांढरा शर्ट घालून, मामी नवी साडी नेसून. मी त्यांना तिसऱ्या रांगेत मधोमध बसवलं. चांगलं दिसावं म्हणून.

सिनेमात नाव वेगळं होतं. पण ढोलकी होती, गायन पार्टी होती, दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी होती. ते दृश्य सुरू झालं आणि मी पडद्याकडे न बघता त्या दोघांकडे बघत होते, कारण मला त्यांचे चेहरे बघायचे होते. अजूनही मला याचीच सगळ्यात जास्त शरम वाटते. मामा पुतळ्यासारखे बसले होते. मामींनी पहिल्यांदा पडद्याकडे बघितलं, मग मामांकडे, मग स्वतःच्या हातांकडे. मग त्या हातच बघत राहिल्या.

शेवटी आभाराच्या पाटीवर पहिलं नाव मामांचं होतं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. हा हट्ट माझा. निरंजन म्हणत होता गरज नाही, मी म्हणाले, श्रेय द्यायलाच हवं, त्यांना विसरून कसं चालेल. ज्यांना शंका होती त्यांचीही शंका फिटली. दिवे लागले. सगळा हॉल मामांकडे वळला आणि उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. मामा उठले. दोन्ही हात जोडले, ‘जय भीम’ म्हणाले आणि टाळ्या थांबेपर्यंत तसेच उभे राहिले. दुसरं काय करणार होते?

बाहेर आईने मला कोपऱ्यात ओढलं. माझी आई चौथी शिकलेली. सिनेमा कलात्मक की काय ते तिला माहीत नाही. म्हणाली, ‘त्येनी तुका सांगल्यान, गावाक नाय.’ मी चिडले. तिला काय कळतंय, म्हटलं.

मामी मला आठवड्याने भेटल्या, भाजीच्या गाडीपाशी. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं, माझ्याकडे उत्तरं पुष्कळ होती. त्या मेथी निवडता निवडता म्हणाल्या, ‘सत्तावीस वर्षं रोज ज्येष्ठमध उगाळलं गं मी. ते रोज प्यायचे. एक दिवस नको म्हणाले नाहीत.’ आणि जुडी पिशवीत घालून निघाल्या. त्यानंतर आमच्या गॅलरीत काढ्याचा वास आला नाही.

पार्टीतल्या पोरांनी तर कहरच केला, पण प्रेमाने. ‘मामा, आता सगळं बाहेर आलंय, आता मोकळं व्हा, गा,’ म्हणायला लागली. सिनेमाने गाठ सुटते असं त्यांना वाटलं. मलाही वाटत होतं. मामा नवं पोरगं चुकलं तरी भुवई उचलेनात, कारण आता ते भुवई उचलायच्या आधीच सगळे त्यांच्याकडे कळवळून बघायचे. दोन-तीन महिन्यांनी त्यांनी ढोलकी दुसऱ्याच्या हातात दिली आणि पार्टीच्या खोलीत जाणं बंद केलं. गाणं चौकीने नेलं होतं. उरलेली ढोलकी मी नेली.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करते, नाहीतर कुणी माझे शब्द भलत्याच कामाला वापरेल. असे सिनेमे करू नयेत असं माझं म्हणणं नाही. बंद खोलीत माणसाला नागवं करणारे आजही आहेत, आणि ते पडद्यावर आलं नाही तर त्यांना बरंच आहे. ज्यांनी थिएटरबाहेर घोषणा दिल्या ते चुकलेच होते, आजही चूकच म्हणेन. पण मी त्यांच्याशी भांडण्यात इतकी रंगले की समोरच्या गॅलरीतल्या माणसाशी मला दोन शब्द बोलायचे होते हेच विसरले. जुलमाविरुद्ध उभं राहिलं की आपला हात कुणाच्या अंगावर पडणारच नाही अशी माझी पक्की समजूत होती. आणि समितीतल्या त्या बाई, ज्यांना आम्ही मिसळ खाताना ‘कात्रीवाल्या’ म्हणून हसलो, त्यांनी एकट्यांनीच विचारायचा तो प्रश्न विचारला होता.

अजून एक. मामांनी मला माफ केलं होतं. त्यांना वाटायचं, सिनेमा बड्या लोकांचा, सहायक पोरीचं तिथे काय चालणार. मला ऐकू येईल असं ते चाळीत म्हणालेही होते, ‘तिला बोलू नका. तिच्या हातात काय होतं?’ मी ऐकलं, आणि गप्प बसले. ती माफी मी खुशाल अंगाखाली घालून पंधरा वर्षं झोपले.

तर गेल्या रविवारी सकाळी गेले. त्यांची चाळ पडली, तिथे आता टॉवर आहे. मामा-मामी चौदाव्या मजल्यावर. जाताना काय न्यावं सुचेना, म्हणून परळच्या नाक्यावरून ओल्या हरभऱ्याच्या दोन जुड्या घेतल्या. मामांनी दार उघडलं. सत्तरीचे झालेत, हडकलेत, पण चेहरा उजळला. ‘ये ये. आज वाट चुकलीस?’ आम्ही खिडकीपाशी बसलो. मध्ये वर्तमानपत्र पसरलं आणि हरभरे सोलायला लागलो. मामी आत भाकऱ्या करत होत्या. बाबांच्या गुडघ्यांची चौकशी झाली, माझ्या मुलाच्या सातवीची झाली.

मी महोत्सवाचं सांगितलं. स्टेजवर यायचं सांगितलं नाही, तेवढी लाज शिल्लक होती. म्हणाले, ‘मामा, परत दाखवणार आहेत. दाखवू का, असं विचारायला आले.’

मामा हसले. ‘आता विचारतेस? दाखवा की. खोटं काय आहे त्यात? आणि तुला कशाला त्रास, ते तुझ्या साहेबांचं काम. तेव्हापण तुझ्या हातात काय होतं?’

हरभऱ्याचं टरफल माझ्या नखात अडकलं होतं. ‘माझ्याच हातात होतं, मामा,’ मी म्हणाले.

आणि सांगून टाकलं. ती चार मिनिटं कापा म्हणून समितीने सांगितलं होतं. निरंजन कापायला तयार झाला होता. मी कापू दिलं नाही. पत्र मी लिहिलं. त्या बाईंनी विचारलं, त्यांना विचारलंय का, आणि मी हो म्हटलं. तुम्ही मशीन बंद करायला लावलंत आणि मी जिन्यात उभं राहून सगळं लिहून घेतलं. आभारात नावही मीच घातलं.

आतला भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता.

मामा हातातला घाटा फोडत होते, तो त्यांनी फोडून पूर्ण केला, दाणा वाटीत टाकला. मग दुसरा घेतला. माझी मान वर होत नव्हती. रडायलाही येईना, कारण रडले असते तर मामांनी मला समजावलं असतं, आणि तेवढं मी त्यांच्याकडून पुन्हा घ्यायला नको होतं.

‘म्हणजे कापायला तयार होते ते लोक,’ मामा म्हणाले.

‘हो.’

‘सरकारी लोक.’

‘हो, मामा.’

ते खिडकीबाहेर बघायला लागले. मग माझ्याकडे न बघता, रागाने नाही, नुसतं हिशेब जुळत नाही तसं, म्हणाले, ‘पोलिसांनीसुद्धा त्या दिवशी आधी दार लावून घेतलं होतं गं.’